गाडीने चालवायचं आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे नाही जमणार

इगतपुरीकर
परवा इथं एकाने लिहिलं की नवी एडासवाली, म्हणजे लेन, वेग, ब्रेक स्वतः सांभाळणारी गाडी घेऊन समृद्धीने नागपूरला गेलो, सिन्नरहून चढल्यापासून स्टिअरिंगला नुसतं बोट टेकवून होतो, अपघात माणूसच करतो तर माणसालाच बाजूला काढा. खाली सगळे वा वा करतायत. मला राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय.

मागच्या दिवाळीत मेव्हण्याची तशीच गाडी घेऊन मीही त्याच रस्त्याने जालन्याला निघालो होतो. क्रूझ 110 ला लावलं, गाडी लेन धरून, पुढच्या एसयूव्हीशी अंतर ठेवून मस्त चाललेली. पाऊण तास मला काही कामच नव्हतं, मग डोक्यात पोरीची ॲडमिशन सुरू झाली. कोपरगाव मागे पडलं आणि त्या एसयूव्हीने एकदम लेन सोडली. समोर टायर फुटून उभा असलेला ट्रक. आणि आपली गाडी काय करते, तर पुढचं वाहन गेलं, रस्ता मोकळा झाला असं समजून वेग वाढवते! वेगात असताना उभं वाहन ओळखू येईलच असं नाही, हे गाडीच्या पुस्तकात बारीक अक्षरात छापलेलं असतं, मी नंतर वाचलं.

पण मला छळतंय ते वेगळंच. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, ब्रेकवर पाय आपोआप जायला हवा होता. नाही गेला. मनात आलं, "बघेल गाडी". त्यातच एक सेकंद गेला, आणि 110 ला एका सेकंदात तीस मीटर जातात. ट्रकपासून दोन हातांवर थांबलो. मागून कोणी नव्हतं म्हणून आज लिहितोय.

2009 चं एअर फ्रान्सचं रिओ-पॅरिस विमान आठवा. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, विमान धडधाकट होतं, पण असं अचानक हातात आलेलं विमान वैमानिकांना सावरता आलं नाही. साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात, 228 माणसं गेली. ते तर वर्षानुवर्षं ट्रेनिंग घेतलेले लोक होते हो.

सातपूर_नाईटशिफ्ट
दादा, दोष गाडीला का देता? लेव्हल टू म्हणजे स्टिअरिंग, वेग गाडी सांभाळते पण जबाबदारी ड्रायव्हरची, कंपनी स्पष्ट सांगते. तुम्ही ॲडमिशनचा विचार करत बसलात.

माझं ऐका. मार्चमध्ये नाईट संपवून पाथर्डी फाट्याकडून घरी येत होतो, डोळा कधी लागला कळलंच नाही. गाडी बोंबलली आणि तिनेच ब्रेक मारला. पुढे रिक्षा होती, आत शाळेची पोरं. तेव्हापासून एडासला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं.

इगतपुरीकर
भाऊ, पोरं वाचली याहून मोठं काही नाही. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथं चालवत तुम्ही होता आणि पहारा गाडी देत होती. मशीन पेंगत नाही, पहारा तिलाच द्या. समृद्धीवर आपण उलटं करतो, ती चालवते आणि पहाऱ्याला माणूस. 2018 मध्ये ॲरिझोनात उबरच्या चाचणीच्या गाडीत माणूस नुसतं लक्ष ठेवायला बसवला होता आणि नजर होती मोबाईलवर. सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई गेली. सिस्टिमला ती पाच सेकंदांहून आधी दिसली होती, पण कधी वाहन, कधी सायकल असं ठरवत राहिली. आणि गाडीचा मूळचा ऑटो ब्रेक सिस्टिम चालवत असताना बंद ठेवलेला!

गंगापूररोड_ताई
मग अर्धवट नकोच, पूर्ण द्या. सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या टॅक्सीत ड्रायव्हरच नसतो, माझा भाऊ बसलाय. पण गडकरी 2023 मध्येच म्हणाले की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून असल्या गाड्या येऊ देणार नाही, म्हणजे आपल्या नशिबी अर्धवटच. त्यात पिंपळगाव-चांदवड रस्त्याला रात्री कांद्याचे ट्रॅक्टर, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. कुठला कॅमेरा ओळखणार? या लोकांवर आधी केसेस टाका.

निफाडचा_कांदेवाला
या लोकांवर म्हणजे कोणावर ताई? लिलाव सकाळी असतो, नंबर लागावा म्हणून आम्ही रातच्याला निघतो, हौस म्हणून नाही. शेतातून ट्रॉली काढली की एका हिसक्यात लाईटची वायर तुटते. गेल्या साली माझ्या चुलतभावाच्या ट्रॉलीला मागून कार धडकली, सगळा कांदा रस्त्यावर, भाऊ तीन महिने खाटेवर. कारवाला पोलिसांसमोर काय म्हणाला माहितीये? गाडीने ब्रेक मारलाच नाही. अरे मग तू काय करत होतास!

गंगापूररोड_ताई
आणि माझ्या सासऱ्यांचा पाय बिनालाईटच्या ट्रॉलीवर धडकून गेलाय. स्कूटरवर होते, कसलं एडास नाही, काही नाही. वायर तुटते मान्य, पण लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवायला काय होतं? कांद्याचा भाव पडला की रस्ता अडवायला एकत्र येता ना, मग यासाठी या.

निफाडचा_कांदेवाला
कांद्याच्या भावाचा विषय इथं आणू नका. दोन रुपये किलोने माल फेकून रिकाम्या हाताने घरी या एकदा, मग बोला.

सातपूर_नाईटशिफ्ट
अहो शांत व्हा दोघं. माझं गाव पण तिकडचंच. टेप लावतात पण चिखलाने माखते, पुसत कोणी नाही, मी स्वतः पाहिलंय.

निफाडचा_कांदेवाला
पुसत नाही हे खरंय. सासऱ्यांचं ऐकून वाईट वाटलं ताई. आमच्या चार ट्रॉल्या आहेत, टेप नवीन लावतो आणि निघताना फडकं मारायचं पोराकडे देतो. पण कारवाल्यांनी पण बोट टेकवून येऊ नये, आमच्या ट्रॉलीवर माणूस बसलेला असतो.

इगतपुरीकर
मी हेच सांगत होतो, तुम्ही चार शब्दांत बोललात.

सातपूर_नाईटशिफ्ट
बरं दादा, लेन धरण्याचं थोडं पटलं. पूर्ण नाही. हायवेला तासभर पाठीला आराम मिळतो तो कसा सोडू?

इगतपुरीकर
आराम हवा तर शिर्डीला उतरा, चहा घ्या. मेव्हण्याच्या गाडीत मी आता लेन सेंटरिंग आणि क्रूझ दोन्ही बंद ठेवतो, इमर्जन्सी ब्रेक चालू. त्याला हात लावत नाही.