मदत हवी आहे: ग्लास इपॉक्सी शीटला ड्रिल मारताना खालचे थर सुटत आहेत

जॉबवर्क_भोसरी: एलटी (कमी दाबाच्या विजेच्या) पॅनेलमधील बसबार, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या, धरून ठेवणाऱ्या सपोर्टचे काम सुरू आहे. एफआर-४ या ग्लास इपॉक्सी शीटमध्ये (काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीने चिकटवलेली शीट) ८ मिमीचे छिद्र पाडताना ड्रिल जिथून बाहेर पडते, तिथे थर सुटून पांढरा डाग पडतो. ग्राहकाच्या तपासनीसाने लॉट अडवला आहे. कोणते ड्रिल वापरावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

शॉपफ्लोअर: शीटची जाडी, ड्रिलचा प्रकार आणि शीटखालचा आधार कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

जॉबवर्क_भोसरी: जाडी १२ मिमी आहे, ड्रिल नेहमीचे एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) आहे आणि शीट दोन पॅरललवर (समांतर पोलादी पट्ट्यांवर) ठेवून वाइसमध्ये धरली आहे.

शॉपफ्लोअर: मग कारण स्पष्ट आहे. काचेचे धागे एचएसएसची धार फार लवकर घालवतात. बोथट झालेले ड्रिल शेवटचे थर कापण्याऐवजी खाली ढकलते आणि खाली पोकळी असल्यामुळे ते एकमेकांपासून उकलतात. सॉलिड कार्बाइड (पूर्णपणे कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे) ड्रिल घ्या, ४००० आरपीएमच्या आसपास चालवा, शीटखाली एमडीएफचा टाकाऊ तुकडा घट्ट आवळा आणि ड्रिल बाहेर पडताना फीड (ड्रिल पुढे सरकण्याचा वेग) कमी करा. आधार नसेल, तर महागडे ड्रिलही थर सोडवील.

मिलिंगवाला: आधाराबद्दल सहमत आहे, परंतु कूलंटची (थंड करणाऱ्या द्रवाची) धार सोडल्याशिवाय हे काम करूच नये, कारण काचेची धूळ स्लाइडमध्ये शिरून मशीन खाते.

इन्सुलेशन_तपासणी: कूलंटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. कापलेल्या कडांवर धाग्यांची टोके उघडी पडतात आणि त्यांच्यालगत पाणी आत झिरपते. सपोर्ट नीट सुकवला नाही, तर त्याचा इन्सुलेशन रेझिस्टन्स (वीज अडवण्याची क्षमता) घसरतो. धूळ व्हॅक्यूमने जागच्या जागी ओढावी, हवेच्या नळीने उडवू नये आणि कामगारांना एन-९५ मास्क द्यावेत. शिवाय मार्किंग शिसपेन्सिलीने करू नये, कारण ग्रॅफाइट वीजवाहक आहे.

मिलिंगवाला: आम्ही पाण्यात मिसळणारे कूलंट वापरून, जॉब ओव्हनमध्ये सुकवून आणि कडांना इन्सुलेटिंग व्हार्निश लावून माल देतो, तक्रार आलेली नाही.

पॅनेल_डिझाइन: त्यापेक्षा जी-११ शीट (ग्लास इपॉक्सीचाच दुसरा प्रकार) घ्यावी, ती जास्त तापमानाला टिकते.

शॉपफ्लोअर: इथे अडचण तापमानाची नाही. शिवाय ड्रॉइंगमध्ये एफआर-४ असताना ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय शीट बदलता येणार नाही.

जॉबवर्क_भोसरी: कार्बाइड ड्रिल मागवले आहे. याच सपोर्टला एम ६ चा टॅपही (६ मिमी बोल्टसाठी छिद्रात पाडलेले आटे) आहे, तिथेही चीर जाते.

शॉपफ्लोअर: टॅप शीटच्या पृष्ठभागावर आहे की जाडीच्या कडेत?

जॉबवर्क_भोसरी: कडेत.

शॉपफ्लोअर: कडेतला टॅप थरांना समांतर जातो, त्यामुळे तो पाचरीसारखा थरांना फाकवतो आणि त्या दिशेला केवळ इपॉक्सीची पकड असते. टॅप मारताना दोन्ही पृष्ठभाग क्लॅम्पने आवळून धरल्यास चीर टळू शकेल, पण बोल्ट कसल्यावर तीच जागा पुन्हा फाकण्याचा धोका राहतो. ग्राहकाशी आजच बोलून, कडेतल्या आट्यांऐवजी पृष्ठभागातून आरपार बोल्ट आणि नट घेता येतील का, हे विचारून घ्यावे.