सरकार हवंच कशाला? चिनूच्या वादविवादावरून सोसायटीच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

चिनू: सगळ्यांना नमस्कार 🙏 कॉलेजात वादविवाद आहे. विषय 'सरकार हवंच कशाला?' आणि चिठ्ठीत माझ्या वाट्याला 'नको' ही बाजू आलीये. मुद्दे सुचवा ना कोणीतरी.

सेक्रेटरी: ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकायच्या नाहीत असं ठरलेलं आहे. कृपया सहकार्य करावे.

बी-३०४: अहो, एका तरी पक्षाचं नाव आलंय का? विचारू दे की पोरीला.

नाना: चिनू, आधी समोरच्याचं हत्यार बघून घे. हॉब्ज, इंग्रज तत्त्वज्ञ. इंग्लंडात यादवी माजली होती, १६४९ मध्ये राजाचं मुंडकं उडवलं आणि १६५१ मध्ये या गृहस्थाचं पुस्तक आलं. म्हणणं असं, की सगळ्यांना धाकात ठेवणारी सत्ता नसेल तर जो तो दुसऱ्याच्या जिवावर उठतो. शेती होत नाही, व्यापार होत नाही. म्हणून सगळ्यांनी आपलं बळ एकाच्या हाती द्यावं आणि मग कुरकुर करू नये.

नाना: आपल्याकडे यालाच मत्स्यन्याय म्हणतात, मोठा मासा लहान माशाला गिळतो तसं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे: मत्स्यन्यायाने गांजलेल्या लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, मालाचा दहावा हिस्सा त्याला लावून दिला. राजा रक्षण करतो, त्याचा हा मोबदला. हॉब्जच्या कितीतरी आधी!

वकीलकाकू: नाना, ही गोष्ट तिथे सांगतं कोण, तेही सांगा की.

नाना: कोण म्हणजे?

वकीलकाकू: हेर! तीर्थाच्या ठिकाणी, सभेत, गर्दीत दोघा हेरांनी मुद्दाम वाद घालायचा. एकाने म्हणायचं, राजाचे गुण नुसते ऐकायला येतात, दिसतात ते दंड आणि कर. दुसऱ्याने मनूची गोष्ट सांगून त्याचं तोंड बंद करायचं. ऐकणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं.

चिनू: काय सांगता काकू! हे मी सुरुवातीलाच वापरते 😀

बी-३०४: म्हणजे आयटी सेल तेव्हापासून आहे.

सेक्रेटरी: बघा, आलंच राजकारण.

वकीलकाकू: वापर, पण जपून. गोष्ट हेराने सांगितली म्हणून ती खोटी ठरत नाही. सत्तेला नुसत्या काठीवर भागत नाही, आपण का राज्य करतो हे लोकांना पटवावं लागतं, एवढं मात्र त्यातून दिसतं.

डॉक्टरकाका: मी आपला साधा मुद्दा मांडतो. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावले होते. मग कुठे घाईघाईने कायदा झाला आणि शहरभर भुयारी गटारं बांधायला घेतली. पाणी आपल्या घरापुरतं उकळता येतं हो, गटार एका घरापुरतं बांधता येत नाही. आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याचाही कॉलरा टळतो, मग आपणहून पैसे देईल कोण? अशा कामाला सक्तीचा कर लागतोच.

बी-३०४: हे तर सोसायटीसारखंच झालं. मेंटेनन्स घ्या, लिफ्ट चालवा, टाकी धुवा. सरकार म्हणजे मोठी सोसायटी.

वकीलकाकू: भाऊ, इथेच सगळे घसरतात. सोसायटी पटली नाही तर फ्लॅट विकून जाता येतं. सेक्रेटरी फार तर नोटीस लावतील, कोठडीत टाकणार नाहीत.

सेक्रेटरी: 🙏

वकीलकाकू: आणि त्यांचा ठराव चुकला तर वर निबंधक आहे, कोर्ट आहे. राज्याच्या वर तसं कोणी नसतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१९ च्या भाषणात राज्याची ओळख यावरूनच सांगितली: ठरावीक भूभागात कायदेशीर बळजबरीचा मक्ता ज्याच्याकडे, ते राज्य. दरोडेखोरही बळ वापरतो, पण 'मला तसा अधिकार आहे' हा त्याचा दावा कोणी मानत नाही. म्हणून चिनू, तुझ्या विषयात प्रश्न दोन आहेत. सरकारचा उपयोग काय, हा एक. त्याचं मी का ऐकायचं, हा दुसरा. डॉक्टरांनी पहिल्याचं उत्तर दिलं. माझा शेजारी माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतो म्हणून त्याने माझ्या घरात हुकूम सोडावा असं थोडंच आहे!

चिनू: मग लोकांनी संमती दिलीये म्हणून ऐकायचं, असं पुस्तकात आहे.

नाना: ते जॉन लॉक, तोही इंग्रज तत्त्वज्ञ. पुस्तक १६८९ चं. त्याचं म्हणणं, हक्क माणसाकडे आधीपासूनच असतात, अडतं कुठे तर भांडणात जो तो स्वतःच न्यायाधीश होतो तिथे. म्हणून त्रयस्थ हवा. सत्ता ही विश्वासाने सोपवलेली ठेव, विश्वासघात झाला की परत घ्यायची.

चिनू: पण नाना, मी सही कुठे केली?

वकीलकाकू: शाब्बास. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्ये हेच विचारलं. एखाद्याला झोपेत जहाजावर चढवलं आणि तो उडी मारून बुडत नाही, म्हणून त्याने कप्तानाला संमती दिली असं म्हणायचं का? लॉकवाल्यांना याचं धड उत्तर आजही देता येत नाही, असं माझं मत.

नाना: उत्तर नसेना का. उद्या सरकार नाहीसं झालं तर काय होईल?

डॉक्टरकाका: बेल्जियममध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस नवं सरकारच बनलं नाही. गाड्या धावत होत्या, दवाखाने चालू होते.

चिनू: अरे वा! हा तर माझा हुकमी पत्ता.

वकीलकाकू: नको खेळूस तो. काळजीवाहू मंत्रिमंडळ होतं, पोलीस होते, कोर्टं होती, कर गोळा होत होता. त्याच काळात त्यांनी लिबियावर लढाऊ विमानंसुद्धा पाठवली. नवं मंत्रिमंडळ नव्हतं म्हणजे राज्य नव्हतं असं होत नाही. समोरची बाजू हे पहिल्या फटक्यात उडवेल.

चिनू: 😐

वकीलकाकू: त्यापेक्षा क्रोपोटकिन घे, सरकारच नको म्हणणारा रशियन विचारवंत. तो म्हणायचा, युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी वर कोणी मुख्य अधिकारी नसताना आपसात करार करून रूळ जोडले, वेळापत्रकं जुळवली. टपालाचंही तसंच, १८७४ च्या कराराने देशोदेशीची पत्रं जायला लागली आणि सगळ्या देशांवर एक सरकार काही नव्हतं. सहकार्याला हुकूम लागतोच असं नाही, हा तुझा मुख्य मुद्दा.

नाना: आणि करार मोडला तर जायचं कुठे? कोर्टातच ना? शिवाय टपाल ज्यांनी जोडलं ती सरकारंच होती.

वकीलकाकू: हे तुमचं बरोबर. पण नाना, तुमच्या हॉब्जचंही अर्धंच खरं. शेजाऱ्याची भीती घालवायला एकाच्या हाती सगळं बळ दिलं, त्याची भीती कोण घालवणार? फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं बारावं कलम बघा. हक्क जपायला सार्वजनिक बळ लागतं हे ते मान्य करतं आणि लगेच बजावतं, की हे बळ सगळ्यांच्या हितासाठी आहे, ज्यांच्या हाती दिलंय त्यांच्या फायद्यासाठी नाही. माझ्या लेखी अधिकाराची कसोटी हीच. सही झाली का, यापेक्षा सत्ताधाऱ्यावरही तोच कायदा चालतो का आणि त्याला रक्त न सांडता हटवता येतं का, हे मी आधी विचारीन.

बी-३०४: आणि नाही हटवता आलं तर? कायदा मोडायचा?

नाना: जो तो मोडायला लागला म्हणजे पुन्हा मत्स्यन्याय.

वकीलकाकू: मोडायची रीत असते. १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात गांधींनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाला म्हणाले, एकतर राजीनामा द्या, नाहीतर कायद्यातली सगळ्यात कडक शिक्षा द्या. सहा वर्षं झाली. उघडपणे मोडायचा आणि शिक्षेपासून पळायचं नाही. चोर तसं करत नाही.

चिनू: काकू, याने माझी बाजू उभी राहते की पडते?

वकीलकाकू: निम्मी पडते. त्यांना ते सरकार नको होतं, तू म्हणणार सरकारच नको. समोरचे नेमकं तिथेच धरतील.

नाना: म्हणून गांधींचं नाव तू काढूच नकोस, त्यांना काढू दे. हेर आणि रेल्वे एवढ्यावर बोल. आणि माझ्याकडे येऊन एकदा म्हणून दाखव, मी हॉब्ज होऊन बसतो.

सेक्रेटरी: चर्चा चांगली झाली. पुढचं वैयक्तिक नंबरवर करावं ही विनंती. पाण्याच्या टाकीची नोटीस वर गेली, पुन्हा टाकत आहे.