पैसा, कष्ट आणि प्रोटेस्टंट पंथ: वेबरचं म्हणणं पटतं का?

पोटमाळा
जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये मांडलं की भांडवलशाही वृत्ती घडवण्यात कॅल्व्हिनपंथीयांचा (कॅल्व्हिनला मानणाऱ्या कडक प्रोटेस्टंटांचा) मोठा हात आहे. मला पटतं. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय आणि ते कळायला मार्ग नाही, म्हणजे जीव कायम टांगणीला. मग धंद्यातली बरकत हीच कृपेची खूण मानायची. त्यात चैनीला बंदी. कमवायचं पण उडवायचं नाही म्हटल्यावर पैसा परत धंद्यातच जाणार ना!

खवट_खोबरं
आणि जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा सावकार याकोब फुगर? पक्का कॅथलिक, सम्राटांना कर्ज देणारा. १५२१ मध्ये त्याने गरिबांसाठी वसाहत काढली. तिथे आजही वर्षाचं भाडं एक युरोपेक्षा कमी. अट अशी की रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. (पाप-पुण्याचाही हिशेब चोख!) जमाखर्चाची दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ मध्ये छापून मांडणारा पाचोली तर फ्रान्सिस्कन, म्हणजे कॅथलिकच साधू. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर तेव्हा शाळकरी पोर होता.

पोटमाळा
फुगरचा दाखला वेबरनेच दिलाय हो. ‘जमेल तोवर कमावणार’ ही फुगरची धंद्यातली धडाडी. पण ‘वेळ म्हणजे पैसा’ असं अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन सांगतो, त्यात कमावणं हे नैतिक कर्तव्य ठरतं, ते वेगळं. हावरट माणसं सगळीकडे होतीच.

रानमेवा
बेकर आणि व्यूसमन या अर्थशास्त्रज्ञांचा २००९ चा अभ्यास बघा. एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियात (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) प्रोटेस्टंट भाग पुढे होते, पण बायबल स्वतः वाचता यावं म्हणून तिथे शिक्षणावर भर होता. साक्षरता हिशेबात धरली की उरलेला फरक किरकोळ.

पोटमाळा
शिक्षणाचा आग्रह पंथाचाच ना? मग माझंच म्हणणं झालं.

खवट_खोबरं
नाही झालं. तुम्ही काटकसर म्हणत होतात, ही शाळा आहे.

आता कोकणातल्या घरांवरची मंगलोरी कौलं घ्या. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. मिशन प्रोटेस्टंट, कबूल. पण धर्मांतर केलेल्यांना जातीने वाळीत टाकलं, पिढीजात धंदा सुटला, त्यांना पोटापाण्याला लावणं भाग होतं. पुढे इतर धर्माच्या मालकांनीही तिथे भट्ट्या पेटवल्या. त्यांना कुठला कॅल्व्हिन भेटला होता?

पोटमाळा
एकदा व्यवस्था उभी राहिली की तिला धर्माचा टेकू लागत नाही, हेही वेबरने लिहिलंय.

खवट_खोबरं
वा! धर्म दिसला तर तेच कारण, नाही दिसला तर त्याची गरज संपली. असा सिद्धांत खोटा ठरणार तरी कसा?