डीएपी खताची गोणी निम्म्यावर आणली तर? ऊसवाल्यांनी बोला

काळी_माती_दौंड:
आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसाला दरवर्षी बेसल डोसात, म्हणजे लागवडीवेळच्या खतात, डीएपी ओततो आपण. ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस, P2O5 रूपात मोजलेलं) असतं त्यात, पण पहिल्या हंगामात पिकाला त्यातलं जेमतेम १५-२० टक्के लागू पडतं, बाकीचं आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमला धरून बसतं. मग तेच मोकळं करू की! पीएसबी हे स्फुरद मोकळं करणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून ते विरघळवतात. पाचट (उसाचा वाळलेला पाला) न जाळता सरीत कुजवा, शेणखतात पीएसबी मुरवून द्या आणि गोणी निम्मी करा. हाणा आता.

ऊसकरी_इंदापूर:
निम्मी कशाच्या जोरावर राव, माती तपासलीय का? जिवाणू स्फुरद तयार करत नाहीत, आहे ते फक्त मोकळं करतात. नत्र हवेतून तरी येतं, स्फुरदाचं तसं नाही, आणि दर तोडणीला उसाबरोबर ते कारखान्याला जातंच. शिवाय ते पीएसबीचं पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात तापून आलेलं असतं, त्यात जिवंत किती उरलं कोण बघतंय.

काळी_माती_दौंड:
पाकिटाचं मान्य, ताजं आणि सावलीतलंच घ्यावं. पण स्फुरद कुठून येणार म्हणता, तर मुळा-मुठेचं पाणी कुठं जातं? अख्ख्या पुण्याचं सांडपाणी स्फुरदासकट आमच्याकडंच येतं, उजनी धरणातली जलपर्णी कशावर माजते मग.

ऊसकरी_इंदापूर:
म्हणजे नदीकाठच्याला वेगळा हिशोब आणि माळावरच्याला वेगळा. मी तेच म्हणतोय, सगळ्यांना एकच 'निम्मं' सांगू नका.

वाटाणा_सासवड:
दोघंही गोणी नि पाकिटातच अडकलाय. मुळांवरची मायकोरायझा बुरशी विसरलात का? तिचे धागे मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद ओढून आणतात, आणि आपण रोटाव्हेटर मारमारून तेच तोडतो. वर स्फुरद जास्त झालं की झाड बुरशीला थाराच देत नाही, म्हणजे डीएपी ओतून फुकटची मदत आपणच बंद करायची. जस्त पण कमी उचललं जातं, मग झिंक सल्फेटचा खर्च वेगळा. आणि हो, कोबी-फ्लॉवरच्या मुळांवर ही बुरशी लागतच नाही, त्यामुळं कोबीमागून कोबी घेणाऱ्यांनी मायकोरायझाच्या डब्यावर पैसे घालू नका, दुकानदार काय वाट्टेल ते सांगतो.

ऊसकरी_इंदापूर:
उसात रोटाव्हेटर बंद? खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) मोडायचा कसा, हातानं?

वाटाणा_सासवड:
बंद कोण म्हणतंय, चार पाळ्यांच्या दोन करा. फेरपालटीला हरभरा घ्या, त्याच्या मुळातून आम्लं सुटतात ती चुनखडीतलं स्फुरद सैल करतात. तुरीचं वेगळं, ती लोहाला चिकटलेलं स्फुरद काढते, म्हणजे तो गुण लाल जमिनीत जास्त कामाचा.

काळी_माती_दौंड:
हरभरा घेतला तर वर्षभराचं उसाचं गणित बिघडतं दादा, कारखान्याकडची उसाची नोंद कोण बघणार. पण पाचटाचं मी सोडत नाही.

ऊसकरी_इंदापूर:
पाचटाला माझा विरोध कधीच नव्हता. आधी ओल्सन पद्धतीनं मातीतल्या स्फुरदाची तपासणी करून घ्या, आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीला तीच चालते. स्फुरद भरपूर निघालं तर निम्मी काय, एक वर्ष गोणी आणूच नका. कमी निघालं तर मात्र पीएसबीच्या भरवशावर ऊस लावू नका, मोजकेच फुटवे मोजत बसाल.

गच्चीबाग_कोथरूड:
मी कुंडीत बोनमील (हाडांचा चुरा) टाकते, चालेल का?

वाटाणा_सासवड:
ताई, माती विम्ल असेल तर ते लवकर विरघळत नाही. कंपोस्ट वाढवा.