मदत हवी आहे: वजनाचं इंजेक्शन, तोंडावर आलेला उन्हाळा आणि भाचीचं लग्न

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. प्रश्न दोन आहेत, पण एकात एक अडकलेले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या यांचं वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ११८ किलो होतं. शुगर सात वर्षांपासून आहे, दिवाळीनंतरचा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ८.९ आला. गुडघे इतके धरायचे की कापूस वेचणी सुरू असली तरी हे धुऱ्यावर बसून असायचे. यवतमाळच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, यांना कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का हे विचारलं, आणि मग टिर्झेपेटाइड (मौंजारो) हे शुगर-वजन उतरवणारं इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्यातून एकदा. पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, आता ५. रविवारी रात्री जेवणं आटोपली की मीच देते. बाटलीत जेमतेम अर्धा मिली औषध असतं. इन्शुलिनच्या सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं, बेंबीपासून दोन बोटं सोडून चिमटीत पोट धरायचं नि टोचायचं. अकरा आठवड्यांत वजन ११० वर आलं. हे आता वावराला पूर्ण चक्कर मारून येतात. त्यामुळे औषधाबद्दल माझी तक्रार नाही.

पण तिसऱ्या आठवड्यात जे झालं ते विसरता येत नाही. सकाळी "भूकच नाही लागून राहिली वं" म्हणत हे भाकर न खाताच वावरात गेले. शुगरची गोळी मात्र घेतली होती. अकराच्या सुमारास सालदार गाडीवर मागे बसवून घेऊन आला. बनियान घामानं ओलंचिंब, हात असा थरथरत होता की पट्टीला रक्ताचा थेंब लागेना. शुगर ५४. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ९२ झाली तेव्हा माझा जीव खाली पडला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनानं भूक कमी झाली, पण ग्लिमेपिराइडची गोळी पोट रिकामं असलं तरी इन्शुलिन ढकलतच राहते. ती गोळी बंद केली, शुगरची दुसरी गोळी मेटफॉर्मिन ठेवली. तेव्हापासून भूक असो-नसो, सकाळी मुगाचं धिरडं नाहीतर दोन अंडी पोटात गेल्याशिवाय मी यांना चप्पल घालू देत नाही.

आता प्रश्न. पहिला, उन्हाळ्याचा. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. बाहेर काढलं तर ३० अंशांच्या आत आणि जास्तीत जास्त २१ दिवस चालतं. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असते आणि लाइन गेली की कधी येईल सांगता येत नाही. तुम्ही काय करता?

दुसरा प्रश्न घरातला. नणंदेच्या (आक्कांच्या) मुलीचं लग्न अक्षय तृतीयेला आहे. पोर २३ वर्षांची, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६४. शुगर नाही, बीपी नाही. तिला लग्नाआधी आठ किलो उतरवायचे आहेत. "मामी, मले फक्त चार सुया दे." आणि आक्का म्हणतात, "वयनी, तुमच्या फ्रिजमंदी पडूनच हाय ना ते, एका बाटलीत दोघांचं अर्धं अर्धं केलं तर काय बिघडते?" पैशाचं तर सोडाच. २.५ ची बाटली ३,५०० ला आणि ५ ची ४,३७५ ला घेतली, म्हणजे ५ च्या चार बाटल्यांचे महिन्याला साडेसतरा हजार. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, तो धरला तरी दोन क्विंटलच्या वर कापूस महिन्याला जातो. पण मी पैशासाठी नाही म्हणत नाही, मला त्या पोरीची काळजी वाटते. आक्कांना वाटतं मी हात आखडते आहे. त्यांना समजेल असं कसं सांगू?

उत्तर, वर्ध्याहून:
ताई, मी १९ वर्षं मेडिकल चालवतो. आधी बाटलीचं. ती एकाच डोससाठी असते, आत जंतू रोखणारं काही घातलेलं नसतं. एकदा सुई गेली की उरलेलं दुसऱ्याला द्यायचंच नाही. शिवाय वजनासाठी हे औषध बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा जास्त, किंवा २७ किंवा जास्त आणि सोबत शुगर-बीपीसारखा आजार असेल तर लिहितात. तुमच्या भाचीचा २५ आहे.

सर्वात महत्त्वाचं आक्कांना एकटीत सांगा. लग्नानंतर दिवस राहण्याचा प्रश्न आहे. गरोदरपणात हे चालत नाही, आधी महिनाभर तरी बंद करावं लागतं. आणि यावर असताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. हे तिला कोणी सांगितलं आहे का?

उत्तर, वणीहून:
माझ्या आईचं इन्शुलिन आम्ही मडक्यात ठेवतो. मोठं मडकं, त्यात ओली वाळू, मधे लहान मडकं, वरून ओलं फडकं, सावलीत आणि वारा लागेल असं. आपल्या कोरड्या उन्हात चांगलं गार होते. औषध घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि आत थर्मामीटर ठेवा, ३० च्या खाली राहिलं तरच. हे लाइन नसतानापुरतंच. यवतमाळहून आणताना बर्फ बाटलीला टेकवू नका, टॉवेल गुंडाळा. फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवा. गोठलेलं औषध फेकावंच लागते.

"चार सुया"बद्दल: एका अभ्यासात हेच औषध घेणाऱ्यांचं ३६ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं. मग ज्यांचं औषध बंद केलं त्यांचं वर्षभरात १४ टक्के परत वाढलं. लग्नापुरतं असं काही नसते यात.

धागा लिहिणारी:
दोघांचेही मनापासून आभार. आक्कांना एकटीत सांगितलं. आधी रागावल्या, मग हळूच म्हणाल्या, पोरीची पाळी तीन-तीन महिने येत नाही. हे मला कोणी बोललंच नव्हतं! वजनामागे थायरॉइड किंवा पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास) असेल तर आधी ते पाहायला हवं ना? शनिवारी यांना दाखवायला यवतमाळला जातोच आहोत, भाचीलाही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेते. तिथे काय काय तपासायला सांगू, कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

मडकं कालच आणलं. आज दुपारी दोनला अंगणात ३७ होतं, मडक्यात २५.