घरचा संगणक राऊटरला जोडला जात नाही तेव्हा : आपापले अनुभव लिहावेत

धागाकर्ता, गुहागर

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात आमचा संगणक चार दिवस राऊटरला, म्हणजे घरात इंटरनेट वाटून देणाऱ्या डबीला, जोडलाच जात नव्हता. त्याच राऊटरवर मोबाइल व्यवस्थित चालत होते, म्हणजे बाहेरून येणारी लाइन शाबूत होती. तरीही आम्ही कंपनीकडे तक्रार नोंदवून तंत्रज्ञाची वाट पाहत बसलो. संगणकापासून राऊटरपर्यंतची जोडणी वेगळी आणि राऊटरपासून बाहेरची वेगळी, हे तेव्हा ध्यानातच आले नाही. शेवटी संगणक राऊटरला जोडणारी लॅन केबल काढून तिचे पारदर्शक टोक खिडकीपाशी उजेडात धरले, तेव्हा आठ बारीक पट्ट्यांपैकी दोन हिरव्या पडलेल्या दिसल्या. समुद्र आमच्या आगराच्या गडग्यापलीकडेच आहे आणि खारी हवा खिळेसुद्धा खाऊन टाकते, तिथे या पट्ट्यांची काय कथा! ते टोक कापून नवे बसवताच पोर्टाजवळचा (केबल खोचायच्या खाचेजवळचा) दिवा लुकलुकू लागला. आपल्याकडे नेमके काय दिसले, काय तपासले आणि कारण काय निघाले, ते कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद, कुडाळ तालुका

आमच्याकडे गणपतीला मुंबई-पुण्याहून पाच बिऱ्हाडे येतात. मागच्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या जाऊबाईंना कार्यालयाचे काम करायचे होते, म्हणून त्यांनी घरचा संगणक सुरू केला. वाय-फायची खूण पूर्ण दिसत होती, पण एकही पान उघडत नव्हते. राऊटरचे स्वतःचे, सेटिंग बदलायचे पानसुद्धा नाही. माझ्या पुतण्याने काळ्या पडद्यावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली, तेव्हा संगणकाच्या एरवी १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्याच्या (जाळ्यात यंत्र ओळखण्याच्या क्रमांकाच्या) जागी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला. त्यानेच समजावून सांगितले की असा पत्ता राऊटर देत नाही. मागूनही पत्ता मिळाला नाही की विंडोज तो स्वतःच घेते आणि त्यावरून बाहेर जाता येत नाही.

मग राऊटरने पत्ता का दिला नाही, याचा शोध मोबाइलवरून राऊटरच्या पानावर जाऊन घेतला. पत्ते वाटण्याची मर्यादा कोणीतरी पूर्वी २० वर ठेवली होती आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास त्याच यंत्राच्या नावावर राहत होता, त्यामुळे आदल्या रात्री भजनाला येऊन गेलेल्या मंडळींच्या मोबाइलांनीही आपापली जागा अडवून ठेवली होती. मर्यादा १०० वर नेली, मुदत दोन तासांवर आणली, संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला आणि राऊटर बंद करून पुन्हा सुरू केला. आरतीच्या आत काम सुरू झाले. या वर्षी एवढीच माणसे आली, पण अडचण आली नाही.

प्रतिसाद, देवगड

मे महिन्यात वळवाच्या पावसात घराजवळ वीज पडली आणि त्यानंतर संगणक ‘केबल जोडलेली नाही’ असे सांगू लागला. केबल बदलली, राऊटरचे दुसरे पोर्ट वापरून पाहिले, शेजाऱ्यांचा लॅपटॉप त्याच केबलला लावला. लॅपटॉप लगेच जोडला गेला, म्हणजे संगणकाचेच लॅन पोर्ट जळाले होते. मदरबोर्ड (ज्यावर ते पोर्ट असते तो संगणकाचा मुख्य बोर्ड) बदलण्याची गरज पडली नाही. यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर घेतला आणि तो आजही चालतो. आमची इंटरनेटची लाइन फायबरची, आणि फायबरच्या काचेतून वीज येत नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण राऊटरच्या चार्जरमधून ती येऊ शकते, हे लक्षात घेतले नव्हते. आता गडगडाट ऐकू आला की चार्जरची पिन आणि संगणकाची केबल, दोन्ही काढून ठेवतो.

प्रतिसाद, राजापूर

घर जुने, जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती. राऊटर ओटीवर आणि संगणक मागच्या खोलीत. राऊटरच्या वाय-फायची दोन नावे दिसत असत, एक २.४ आणि एक ५ गिगाहर्ट्झचे, आणि संगणक दर वेळी ५ गिगाहर्ट्झच्या नावाला चिकटून तुटत असे, कारण जास्त वारंवारतेच्या लहरी अशा भिंतींतून लवकर क्षीण होतात. २.४ चे नाव निवडल्यावर जोडणी टिकली, वेग मात्र कमी झाला. अखेर माळ्यावरून लॅन केबल ओढून घेतली. जुन्या घरात राहणाऱ्यांनी आधी केबलचाच विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद, श्रीवर्धन

आम्ही केलेली चूक इतरांनी करू नये म्हणून लिहितो. राऊटरचा पासवर्ड बदलला होता आणि संगणक जुनाच पासवर्ड वापरत राहिला. जुने नाव ‘विसरा’ म्हणून काढून नवा पासवर्ड घातला असता तर काम दोन मिनिटांचे होते. त्याऐवजी आम्ही राऊटरच्या मागच्या छिद्रात टाचणी घालून रिसेट केले, आणि कंपनीने भरून दिलेले खाते व पासवर्ड पुसले गेल्याने मोबाइलही बंद पडले.

धागाकर्ता, गुहागर

श्रीवर्धनकरांचे विशेष आभार. आमच्या घरीही ती टाचणी हातात घेऊन झाली होती. कंपनीकडून खात्याचे नाव आणि पासवर्ड मागून घेतले असून ते कागदावर लिहून राऊटरच्या खोक्यात ठेवले आहेत.