आईबाबांना घेऊन कार्ला की भाजे?

प्रश्न: नागपूरहून आईबाबा पुण्यात आलेत, बाबांचे गुडघे दुखतात पण लेणी बघायचीच म्हणतायत, एका दिवसात काय जमेल?

उत्तर: कार्ला बघाच! चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) जवळपास ४५ मीटर लांब आहे आणि छताच्या त्या लाकडी कमानी साधारण २००० वर्षांपूर्वीच्या, मी तर मान वर करून बघतच राहिलो. रविवारी नको, तिथल्याच एकवीरा देवीच्या मंदिरात प्रचंड गर्दी असते.

उत्तर: मळवलीपर्यंत लोकलने जा, भाजे तिथून जवळ, १४ स्तूप चुकवू नका. पायऱ्या मात्र दोन्हीकडे आहेत हो.

उत्तर: मग आधी जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर मंदिर दाखवा ना, ८व्या शतकातलं, कातळात कोरलेलं, गोल नंदीमंडप तर फारच सुंदर, आणि डोंगर चढायचा नाही.

प्रश्नकर्ती: उद्या पाताळेश्वरच, कार्ल्याचं बाबांना विचारते. थँक्यू!